मोपावर सोने अडले, आता पुढे काय?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षे लिस्बनला आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर. बहिणीच्या लग्नाला येताना त्याने तिथून चेन आणि बांगड्या मिळून 90 ग्रॅम सोने विकत आणले. मोपा विमानतळावर ग्रीन चॅनलमधून बाहेर पडताना कस्टमने अडवले. सोने ठेवून घेतले, जबाब लिहून घेतला, आणखी दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या. गावात सगळे म्हणतात, आता आत जाणार. सोने सुटेल का? – एक आई, डिचोली

उत्तर : ताई, आधी तुरुंगाचे सांगतो, कारण झोप त्यानेच उडाली असणार. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यात दोन वेगळ्या वाटा आहेत. एक खात्यातली : जप्ती, नोटीस, सुनावणी, दंड. दुसरी फौजदारी : कलम 135 खाली कोर्टात खटला, आणि त्याला वरिष्ठांची मंजुरी लागते. प्रवाशाच्या सामानातला माल 50 लाखांचा किंवा त्याहून अधिक असेल तर साधारणपणे खटल्याचा विचार करावा, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाचे 2022 चे परिपत्रक सांगते. सराईत माणसाला ही सवलत नाही. तुमच्या मुलाचे 90 ग्रॅम त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत.

चूक मात्र झाली आहे, ती लपवू नका. वर्षाहून अधिक परदेशी राहिलेल्या पुरुषाला 20 ग्रॅमपर्यंत दागिने बिनशुल्क आणता येतात, बाईला 40 ग्रॅम. उरलेल्यासाठी रेड चॅनलला जाऊन सांगायचे आणि शुल्क भरायचे. ग्रीन चॅनलमधून जाणे म्हणजेच ‘माझ्याकडे काही नाही’ असे सांगणे.

आता ते सह्यांचे कागद. माझ्या मते सगळे प्रकरण तिथेच आहे. पंचनामा, ताबा-पावती आणि कलम 108 खालचा जबाब, या तिन्हींच्या प्रती आजच मागा. हा जबाब पोलिसांसमोरच्या कबुलीसारखा नसतो. तो पुरावा म्हणून धरला जातो. त्यात न बोललेले काही लिहिले असेल तर लगेच, लेखी कळवा. चार महिन्यांनी सांगितलेले कोणी मानत नाही. उरलेला कागद बहुधा छापील असेल : ‘मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणीही नको.’ दमलेला प्रवासी पहाटे तीन वाजता त्यावर सही करतो. अशा छापील सहीने नोटीस आणि सुनावणीचा हक्क जात नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले. तो निकाल गोव्यात बंधनकारक नसला तरी दाखवण्याजोगा नक्की आहे. जप्तीपासून सहा महिन्यांत नोटीस आली पाहिजे. लेखी कारण देऊन आणखी सहा महिने वाढवता येतात. मुदत उलटली तर माल परत द्यावा लागतो.

सोने सुटू शकते. कलम 125 खाली दंड आणि शुल्क भरून ते सोडवून मिळावे, असा अर्ज करा. मुलगा तिकडेच राहतो, म्हणून परत नेण्याची परवानगीही मागता येईल. देणे-न देणे बव्हंशी अधिकाऱ्याच्या हाती आहे, त्यामुळे खरेदीचे बिल आणि बँकेचा उतारा जोडा, लग्नपत्रिकाही जोडा. अंगावरचे वापरातले दागिने असते तर बाजू अधिक भक्कम होती. थायलंडहून आलेल्या पुष्पा तोलानी यांचे दागिने सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये वैयक्तिक वापराच्या मुद्द्यावर परत दिले, ते नवे की जुने याला महत्त्व दिले नाही. मुलाच्या स्वतःच्या वापराचे नसलेल्या सोन्याला ते कारण चालणे कठीण.

‘आतून मिटवून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला घरात घेऊ नका. लाच देणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्याला 50 लाखांची अट नाही.

मुलगा परत जाईल तेव्हाही जपायला सांगा. 10 हजार युरो किंवा त्याहून अधिक रोकड नेताना तिथे जाहीर करावी लागते. तूप आणि खव्याचे पेढे बॅगेत नकोत, युरोपीय संघात दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. सुक्या मासळीला ठरावीक वजनापर्यंत सूट आहे. संघाचा सीमाशुल्क कायदा एकच असला तरी शिक्षा प्रत्येक देश आपली ठरवतो. एकीकडे दंडावर भागलेली चूक दुसरीकडे फौजदारी होऊ शकते.

सुनावणीसाठी मुलाने थांबायची गरज नाही, वकिलाला अधिकारपत्र देऊन ठेवा. आणि नोटिशीसाठी पत्ता डिचोलीच्या घराचाच द्या. विरोधात आदेश आला तर आयुक्तांकडे (अपील) जायला 60 दिवस असतात, ते आदेश हाती पडल्यापासून मोजतात.