बोलण्यातील कामकाज

जलीब अल शुयूख, कुवेत

चि. सोनूस,

एम.ए.च्या प्रबंधासाठी दैनंदिन इंग्रजी संवादांचे प्रकार्यात्मक भाषाविज्ञानाच्या अंगाने विवेचन करण्याचा तुझा मनोदय पत्रावरून कळला व परम संतोष झाला. परंतु संवाद कोठून घ्यावेत या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याच पत्रासोबत तू संभाषण शिकविणाऱ्या पुस्तकांची जी यादी जोडली आहेस, ती पाहून चार शब्द सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटले. त्या पुस्तकांतील माणसे आळीपाळीने बोलतात, कोणी कोणाचे बोलणे तोडत नाही, प्रत्येक प्रश्नास पूर्ण वाक्यात उत्तर मिळते आणि साहेब व शिपाई एकाच सुरात बोलतात. अशा संवादांतून पुस्तक लिहिणाऱ्याच्या कल्पनेचा अभ्यास होईल. भाषेचा होणार नाही.

प्रकार्यात्मक भाषाविज्ञानाचा उगमच मुळी प्रत्यक्ष व्यवहारात आहे. ट्रोब्रियांड बेटांवरील लोकांचे मासेमारीच्या वेळचे बोलणे ऐकून, प्रसंग ठाऊक असल्यावाचून वाक्याचा अर्थ लागत नाही, असे मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी 1923 साली प्रतिपादिले. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करून 1928 साली स्वदेशी परतलेल्या फर्थ यांनी तो विचार भाषाविज्ञानात रुजविला. आणि त्याच परंपरेतील हॅलिडे यांनी त्यावर अखंड व्याकरणाची उभारणी करून 1985 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मात्र तू प्रथम वाचावास असे मला वाटते तो मिचेल यांचा 1957 सालचा निबंध, ज्यात लिबियातील सायरेनेका प्रांताच्या बाजारांतील अरबी खरेदी-विक्रीचे बोलणे अभिवादन, मालाची विचारणा, मालाची पारख, घासाघीस आणि समाप्ती अशा टप्प्यांनी मांडले आहे.

आता येथील एक संवाद घे. जलीबच्या अब्बासिया भागात ज्या गल्लीत मी राहतो, तेथील बकाल्याचा, म्हणजे किराणा दुकानाचा, मालक मल्याळी, गिऱ्हाईक इजिप्तचे, आणि इंग्रजी दोघांचीही मातृभाषा नव्हे. लबान, म्हणजे ताक, घ्यायला आलेले गिऱ्हाईक विचारते, "यू हॅव लबान?" मालक म्हणतो, "स्मॉल ऑर बिग?" उत्तर येते, "टू बिग." मालक म्हणतो, "सिक्स हंड्रेड." व्यवहार संपला. शालेय व्याकरणाची मोजपट्टी लावणारा परीक्षक यात साहाय्यक क्रियापद नाही, कर्ता नाही, क्रियापद नाही, अशी चुकांची बारनिशी तयार करील. परंतु हॅलिडे यांनी सांगितलेला साधा प्रश्न विचारून पाहा, की बोलणारा काही देत आहे की मागत आहे, आणि जे देतो वा मागतो ती माहिती आहे की वस्तू. पहिले वाक्य रूपाने माहिती मागते, कार्याने मात्र वस्तू मागते. हे मालकाने इतके अचूक जाणले की होय-नाही असे उत्तर न देता त्याने थेट आकार विचारला. "टू बिग" यातील गाळलेला सर्व मजकूर आधीच्या दोन वाक्यांतून भरून निघतो, आणि या अदृश्य धाग्यांनीच चार तुटक उद्गारांचा एक संवाद होतो. रकमेचे नाणे कोणते, हे कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही. 1961 साली दीनार येण्यापूर्वी येथे रुपया चालत असे, त्या काळी हाच आकडा निराळा ऐकला गेला असता.

अभिवादन व घासाघीस हे मिचेल यांचे दोन टप्पे येथे गळाले आहेत, कारण भाव ठरलेला आहे आणि मागे रांग उभी आहे. कोणते टप्पे अनिवार्य व कोणते वैकल्पिक, याचा बारकाईने विचार रुकैया हसन यांनी केला. या विदुषी आपल्याच देशातील प्रतापगढच्या. 1976 साली हॅलिडे यांच्यासह त्यांनी इंग्रजीतील वाक्यसंगतीवर ग्रंथ लिहिला, आणि पुढे ऑस्ट्रेलियात आई व मूल यांच्या घरगुती बोलण्याचे परिश्रमपूर्वक पृथक्करण केले. त्यांचे लेखन टाळून या विषयात पुढे जाऊ नकोस.

दुसरे उदाहरण कामाच्या ठिकाणचे. एक मजूर अभियंत्यास म्हणतो, "आय डोन्ट थिंक द लिफ्ट इज सेफ, सर." वरवर पाहता हे वाक्य त्याच्या स्वतःच्या विचाराविषयी आहे. पण त्यास क्वेश्चन टॅग लावून पाहा: 'डू आय' असा लागत नाही, 'इज इट' असा लागतो, म्हणजे खरे विधान लिफ्टविषयीचे आहे, आणि आरंभीचे शब्द त्या विधानाची धार कमी करण्यापुरते आले आहेत. ही धार त्याने का कमी केली, याचे उत्तर व्याकरणात जितके आहे तितकेच, ज्याच्या मर्जीवर त्याची नोकरी व इकामा (वास्तव्याचा परवाना) अवलंबून आहे त्या वरिष्ठाशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे. नकार देण्याचे, हुकूम करण्याचे, प्रश्न विचारण्याचे अधिकार संवादात सर्वांना सारखे नसतात, आणि ही विषमता क्रियापदांत व संबोधनांत दाखवून देता येते, म्हणूनच मला हे शास्त्र मोलाचे वाटते. संवादाच्या प्रसंगाच्या विषय, नाते आणि माध्यम या तीन अंगांपैकी विद्यार्थी पहिल्यावरच रेंगाळतात. तू नात्यावर अधिक काळ थांब.

तेव्हा तुझ्या पुण्यातच बँकेच्या खिडकीवर, दवाखान्यात, हॉटेलच्या स्वागतकक्षात जे इंग्रजी बोलले जाते ते टिपून घे. बोलणाऱ्यांची परवानगी घेतल्यावाचून ध्वनिमुद्रण करू नकोस, आणि नावे बदल. लिहून काढताना अडखळणे, थांबणे, मध्येच तोडणे, सर्व जसेच्या तसे ठेव. वाक्ये सुधारण्याचा मोह झाला तर तो निग्रहाने आवर, कारण सुधारलेले वाक्य पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते. पन्नास संवादांवर संज्ञांचे शिक्के मारण्यापेक्षा पाचच संवाद मुळापासून उलगडणे मी अधिक योग्य समजतो, आणि तुझ्या मार्गदर्शकांनी संख्येचा आग्रह धरला तर हे मत त्यांच्यापुढे नम्रपणे पण स्पष्टपणे मांड.

पहिला संवाद उतरवून झाला की, त्यावर काहीही भाष्य न करता, दिवाळीपूर्वी मला पाठव. मी माझे वाचन लिहून ठेवीन, तू तुझे लिही, आणि मग दोन्ही ताडून पाहू.

घरी वडीलधाऱ्यांस सा. नमस्कार.

तुझा,
मामा