ग्रुपवर टाकण्याआधी

आमच्याकडे एकेका गावाचे पाडे लांब लांब पसरलेले. पूर्वी निरोप जायचा तो आठवडी बाजारात नाहीतर जीपमध्ये, माणसाच्या तोंडून. आता तो पाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. चिकूची जाहिरात, भरतीची बातमी, लग्नातलं गाणं आणि चोर आल्याची आवई, सगळं त्याच वाटेने, ओळखीच्याच नंबरावरून. म्हणून विश्वासही लगेच बसतो. डहाणू-तलासरीत असे ग्रुप सांभाळताना जे पक्कं झालं, ते लिहितो.

१. चिकू विकायचा तर तोडणीची तारीख लिहावी. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. पण मुंबईच्या गिऱ्हाइकाला हवं असतं ते एवढंच, की फळ घरी पोहोचेल तेव्हा कडक असेल की पिकलेलं. चिकू झाडावरून कडकच उतरवतात, खायला तयार व्हायला पुढे चार-पाच दिवस लागतात. ‘आज तोडला, रविवारी खा’ असं लिहिलं की लोक पुन्हा मागवतात. ‘एक नंबर माल’ तर सगळेच लिहितात.

२. वारली चित्राचा फोटो टाकताना काढणाऱ्याचं नाव आणि पाडा टाकावा. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली या चित्रांना मानांकन मिळालं, त्यासाठी अर्ज इथल्याच आदिवासी युवा सेवा संघाने केला होता. तरी छापील नक्षी ‘हातची’ म्हणून ऑनलाइन विकली जाते. फोटो जवळून काढावा. बांबूच्या काडीने ओढलेली तांदळाच्या पिठाची रेघ सारख्या जाडीची नसते. कुठे भरते, कुठे विरते. तो फरक फोटोत दिसला पाहिजे, कारण पैसे त्याचेच आहेत.

३. भरतीच्या मेसेजमध्ये ‘गेटपाससाठी’ पैसे मागितले असतील तर तो पुढे पाठवू नये. आमची पोरं वापी, उंबरगाव, बोईसरच्या कंपन्यांत जातात, त्यामुळे अशा मेसेजना इथे तोटा नाही. त्या कंपनीत आधीच कामाला असलेल्या पोराला एक फोन करावा. ग्रुपचा खरा उपयोग हाच, की असा कोणीतरी त्यात असतोच.

४. भूकंपाची वेळ सांगणारा मेसेज जागेवरच पुसावा. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसरात धक्के सुरू झाले. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपले. तशा दिवसांत ‘आज रात्री मोठा येणार’ असा मेसेज आला की म्हातारी माणसं पहाटेपर्यंत डोळा लावत नाहीत. भूकंप कधी होणार हे जगात कोणालाच सांगता येत नाही. सांगता येतं ते होऊन गेलेल्याचं. कोणाच्या घराची भिंत तडकली, कोणत्या पाड्यावर ताडपत्री कमी आहे, हे मात्र जरूर टाकावं.

५. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक, अशा तिघांना मारून टाकलं. टाळेबंदी होती, आणि मुलं पळवणारे, चोर रात्री फिरतात अशा अफवा आधीपासून पसरल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्याच्या 7 तारखेला फार पसरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं होतं. पण बंधन फॉरवर्डला. आपल्या बोलीत नव्याने बोलून टाकलेल्या आवाजाला ते लागत नाही, आणि आमच्याकडे वाचण्यापेक्षा ऐकणारे जास्त. ओळखीचा आवाज घाबरून काही सांगतो तेव्हा ऐकणारा काठी घेऊन उठतो. म्हणून विचारायचं: तू स्वतः पाहिलंस का? कुठे? किती वाजता? ‘असं म्हणतात’ एवढंच उत्तर आलं तर मेसेज काढायचा, आणि ज्याने टाकला त्याला ग्रुपवर नाही, फोन करून सांगायचं. चारचौघांत टोकलं की माणूस हट्टाला पेटतो. एखादी अनोळखी गाडी खरंच संशयास्पद वाटली तर पोलिसांना 112 वर कळवावं.

६. गाणी मात्र भरपूर टाकावीत. आमच्या बोलीतली लग्नाची गाणी यूट्यूबवर निघतात, डीजेवर वाजतात, कारखान्याच्या खोलीत राहणारी पोरं रात्री ऐकतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. तारप्यावरच्या नाचाचं थोडं वेगळं. वाजवणारा वळेल तसा नाचणाऱ्यांचा फेर वळतो, आणि ते अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये कळतच नाही. निदान एक व्हिडिओ पूर्ण, न कापता ठेवावा, खाली वाजवणाऱ्याचं नाव लिहावं. लग्न लावणाऱ्या धवलेरीचा आवाज भरून घ्यायचा असेल तर तिला आधी विचारावं. ती नको म्हणाली तर मोबाइल खिशात ठेवावा.