अजगराच्या शेपटीचा अर्थ

अजगर म्हणतांच आळसाची मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु न्यू गिनींत व ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील केप यॉर्क द्वीपकल्पांत राहणाऱ्या हिरव्या वृक्ष-अजगराकडे लक्ष दिलें, तर ह्या पडून राहण्यांतही केवढा उद्योग असतो, हें कळून येतें. परदेशांत पुष्कळ लोक हा सर्प हौसेनें पाळतात.

हा फांदीवर वेटोळें घालून मधोमध डोकें ठेवून बसतो. त्याचीं पिलें प्रथम पिवळीं किंवा तांबडीं असतात. हिरवा रंग मागाहून येतो. पिलूं भक्ष्यामागें धांवत नाहीं. सर्व शरीर निश्चल ठेवून तें शेपटीचें टोंक तेवढें अळीप्रमाणें वळवळवितें. अळी समजून एखादा लहान सरडा जवळ येतो, आणि क्षणांत त्याच्यावर झडप पडते! मोठेपणीं मुख्य भक्ष्य उंदरांसारखे प्राणी होत. त्यांच्या अंगची उष्णता ओठांवरील खळग्यांनीं जाणून अजगर अंधारांतही नेम साधतो.

आतां पाळणाऱ्याची कसोटी येथेंच लागते. पिंजऱ्यांत शेपटीचें टोंक हालूं लागलें, कीं एकजण म्हणतो, ‘कुत्र्याप्रमाणें ह्याला आनंद झाला.’ दुसरा म्हणतो, ‘खुळखुळ्या सापाप्रमाणें हा धमकावीत आहे.’ दोघेही एका प्राण्याचा अर्थ दुसऱ्यास लावतात. येथें ती हालचाल बहुधा भुकेची खूण असते. कौतुकानें हात पुढें करावा, तर झडप हातावरच यावयाची! म्हणून जाणते लोक भक्ष्य लांब चिमट्यानें देतात.

तथापि एकट्या शेपटीवरून निर्णय करूं नये. डोकें कोणीकडे रोखलें आहे, वेळ संध्याकाळची आहे काय, हेंही पाहावें. डोळे दुधाळ झाले असतील, तर कात टाकण्याचा समय जवळ आला असें समजावें. अशा वेळीं सर्प बहुधा अन्न नाकारतो, व त्यास बळेंच भरवूं नये.

आपल्याकडील अजगरास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षण दिलें आहे. त्यास पकडून घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. त्याचें निरीक्षण रानांत, दुरूनच करावें.

सारांश, आपल्या मनांतील अर्थ मुक्या प्राण्याच्या शेपटीस चिकटविणें सोपें असतें. तिचा खरा अर्थ कळण्यास धीरानें पाहावें लागतें. शास्त्राचा पहिला धडा हाच होय.