युनो मग आहे तरी कशाला?

प्रश्न : रात्री बातम्या लागल्या की माझा सातवीतला नातू विचारतो, "आजोबा, युनोचे सैनिक असतात ना? मग ते युद्ध थांबवत का नाहीत?" मी 'पाच बड्यांचं साटंलोटं, दुसरं काय' असं म्हणून वेळ मारून नेतो. खरं तर मलाही ते नीट ठाऊक नाही. जरा उलगडून सांगाल का?
– एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : गुरुजी, पाच बड्यांचं साटंलोटं असतं तर एक वेळ परवडलं असतं. त्यांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून तर गाडं अडतं. पण त्यांच्याकडे नंतर येऊ. आधी तुमच्या नातवाचे ते सैनिक पाहू.

युनोकडे स्वतःचं सैन्य नाही. सदस्य देशांनी आपल्या काही तुकड्या सुरक्षा परिषदेच्या दिमतीला ठेवण्याचे करार करावेत, असं १९४५ च्या सनदेच्या ४३ व्या कलमात लिहिलं आहे. तसा एकही करार आजवर झालेला नाही. निळ्या टोप्यांच्या शांतिसेनेचा तर सनदेत उल्लेखच नाही. ती कल्पना १९५६ मध्ये गरजेपोटी निघाली. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि इस्रायल, ब्रिटन, फ्रान्स इजिप्तवर चालून गेले. सुरक्षा परिषदेत ब्रिटन-फ्रान्सने व्हेटो, म्हणजे एकट्याच्या नकाराने ठराव पाडण्याचा बड्यांचा हक्क, वापरला, तेव्हा प्रकरण आमसभेत गेलं. कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांनी आंतरराष्ट्रीय दल नेमण्याची सूचना मांडली आणि सरचिटणीस हॅमरशोल्ड यांनी काही दिवसांत ते उभं केलं. वेगळ्या रंगाच्या टोप्या शिवायला वेळ नव्हता, म्हणून अमेरिकी शिरस्त्राणांच्या आतल्या प्लास्टिकच्या टोप्यांना निळा रंग फासला. कॅनडाच्या 'क्वीन्स ओन रायफल्स'ला तर इजिप्तने नकोच म्हटलं. नावात राणी, अंगावर इंग्रजी धाटणीचा गणवेश. कालच्या हल्लेखोरांपेक्षा हे वेगळे, हे लोकांनी ओळखायचं कसं?

पण हल्लेखोरांना मागे कुणी हटवलं? या दलाने नाही. पाउंड घसरत होता आणि लंडनला पैशाचा आधार द्यायला वॉशिंग्टन तयार नव्हतं. त्या दाबाने ब्रिटन माघारी फिरलं, पाठोपाठ फ्रान्स, आणि इस्रायललाही अखेर अमेरिकेच्याच दडपणाने निघावं लागलं. निळ्या टोप्या आल्या त्या भांडण मिटवायचं ठरल्यावर, बांधावर उभं राहायला. बांधाच्या वादात मोजणीदार येतो, खुणा रोवतो. पण रात्रीतून कुणी खुणा उपटल्या तर तो काठी घेऊन धावत येत नाही. शांतिसेनेचं काम या जातीचं. दोन्ही बाजूंनी कबूल केलेल्या रेषेवर नजर ठेवायची, गोळी सुटली तर कुठून सुटली ते कळवायचं, आणि स्वतःच्या बचावापलीकडे सहसा शस्त्र उचलायचं नाही.

इजिप्तच्या सिनाईतलं हे दल दहा वर्षांहून अधिक काळ टिकलं. त्यात भारतीय तुकडी होती, आणि शेवटी दलाचे प्रमुखही आपलेच होते, मेजर जनरल इंदरजित रिख्ये. १६ मे १९६७ च्या रात्री गाझात त्यांच्या हातात इजिप्तच्या सेनाप्रमुखांचं पत्र पडलं : सीमेवरच्या चौक्या सोडा. रिख्ये म्हणाले, मी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला विचारल्याशिवाय हलणार नाही. पण न्यूयॉर्कलाही फारसं काही करता येण्याजोगं नव्हतं. दल इजिप्तच्या भूमीवर इजिप्तच्या संमतीने उभं होतं; संमती गेली की पायाखालची जमीन गेली. सरचिटणीस ऊ थांट यांनी इस्रायलला सुचवून पाहिलं की दल तुमच्या बाजूला येऊन उभं राहू दे. इस्रायलने आपल्या हद्दीत ते कधीच घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. दलात तुकड्या होत्या भारत आणि युगोस्लाव्हियाच्याही, आणि या दोघांनीही इजिप्तच्या शब्दाला मान देऊन आपले जवान काढून घेण्याची तयारी दाखवली. हे आपण फारसं आठवत नाही. १८ मे रोजी ऊ थांट यांनी माघारीला होकार दिला. ५ जूनला युद्ध पेटलं तेव्हा काही जवान परतीच्या वाटेवर, गाझातच होते. त्यात भारतीय जवानही मारले गेले. रिख्ये यांनी पुढे या प्रकरणावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'ब्लंडर' हा शब्द आहे.

थोडक्यात, ज्याची भूमी त्याच्या परवानगीने शांतिसेना उभी असते. मग हुकूम देऊन थांबवणारं कुणी आहे का? आहे, सुरक्षा परिषद. आता तिच्यातल्या तुमच्या पाच बड्यांकडे येऊ : अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स.

युनोच्या आधी राष्ट्रसंघ होता. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घ्यायला सुरुवात केली तेव्हा संघाने चौकशी समिती पाठवली. अहवाल जपानच्या विरोधात गेला, तर जपान संघ सोडून चालता झाला. १९३५ मध्ये इटली इथिओपियात शिरली. निर्बंध लागले, पण तेल त्यातून वगळलं आणि सुवेझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. अमेरिका तर संघात कधी आलीच नव्हती. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्यांनी यातून धडा घेतला : बडे आत राहिले पाहिजेत, काय वाटेल ते मोजून. ती किंमत म्हणजे व्हेटो. छोट्या देशांनी कुरकुर केली, तेव्हा अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली यांनी मसुद्याचे कागद सर्वांदेखत फाडले. व्हेटो नाही तर सनदही नाही, हा त्याचा अर्थ.

त्यामुळे २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या रशियन हल्ल्याविरुद्धच्या ठरावाला ११ मतं पडली, भारतासह तिघे तटस्थ राहिले, आणि रशियाच्या एका मताने ठराव पडला. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं! यंत्र बिघडलं म्हणून असं झालं असं मात्र समजू नका. ज्यांनी ते बनवलं त्यांनी ते असंच चालावं म्हणून बनवलं. आणि हे काही एका रशियाचं नाही : २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन परिषदेची वेगळी मंजुरी न घेताच इराकमध्ये घुसले.

परिषद खरोखर बळ वापरायला उठली असे प्रसंग मोजकेच. १९५० मध्ये कोरियासाठी, कारण चीनच्या जागेवर कुणी बसायचं यावरून रुसून सोव्हिएत प्रतिनिधी बैठकींना येतच नव्हता. १९९० मध्ये कुवेतसाठी, कारण मॉस्को तेव्हा वॉशिंग्टनशी भांडायच्या मनःस्थितीत नव्हतं. एकदा रुसवा, एकदा गोडवा.

आता व्हेटोला शिव्या घालण्याआधी तुमच्या घराजवळची एक गोष्ट. डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं; तुमच्याच दोडामार्गाकडून पॅराशूट ब्रिगेड पुढे सरकली, त्यात दुसरी पॅरा (मराठा) पलटण होती. पोर्तुगालने परिषदेत धाव घेतली. १८ डिसेंबरला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव आला : लढाई थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने ७ मतं, विरोधात ४, आणि तेव्हाच्या ११ सदस्यांच्या परिषदेत ७ पुरेशी होती. ठराव मंजूरच व्हायचा. पण त्या चारांत एक सोव्हिएत युनियन होतं. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन चांगलेच भडकले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. दहा वर्षांनी बांगलादेशच्या युद्धात तोच व्हेटो आपल्यासाठी पुन्हा वापरला गेला, एकदा नव्हे, तीनदा.

गोव्याला आपण मुक्ती म्हणतो आणि माझ्या मते ते रास्तच आहे. पण लिस्बनहून पाहणाऱ्याला तेव्हा तो सरळ सरळ हल्ला दिसत होता, आणि परिषदेतली ७ मतं त्याच्या बाजूची होती.

त्या डिसेंबरात तुम्ही सावंतवाडीत असाल तर लष्करी गाड्यांची वर्दळ आठवत असेल. नातवाला ती गोष्ट सांगाल तेव्हा हे मतदानही सांगा. तो लगेच विचारेल, "मग तेव्हा युनोने आपल्याला का थांबवलं नाही?" त्याचं उत्तर मात्र तुम्हीच द्या, गुरुजी.