शहराच्या कडेची जमीन आणि तिचे सजीव कवच: व्हाइटफील्डच्या निमित्ताने

बेंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड आज माहिती तंत्रज्ञानाच्या संकुलांसाठी ओळखले जाते. परंतु या वसाहतीची स्थापना शेतीसाठी झाली होती. म्हैसूर संस्थानाने १८८२ मध्ये युरेशियन व अँग्लो-इंडियन संघटनेला कृषी वसाहतीसाठी येथील जमीन दिली आणि संघटनेचे प्रवर्तक डी. एस. व्हाइट यांच्यावरून तिला नाव मिळाले. १९९० च्या दशकात येथे तंत्रज्ञान संकुल उभे राहिले आणि तेव्हापासून शहर पूर्वेकडे सरकत राहिले. या वाढीत किती शेतजमीन बांधकामाखाली गेली याची चर्चा नेहमी होते. जी जमीन अद्याप मोकळी आहे, तिच्या वरच्या काही मिलिमीटर थरावर शहराचा काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

कोरड्या व निमकोरड्या प्रदेशांत न नांगरलेल्या जमिनीच्या पृष्ठभागावर नील-हरित शैवाल, बुरशी, दगडफूल आणि शेवाळ यांचे एकत्रित सजीव कवच तयार होते. शैवालाचे तंतू चिकट आवरणात गुंडाळलेले असतात व ते मातीचे कण एकमेकांशी बांधून ठेवतात. त्यामुळे वाऱ्याने व पाण्याने होणारी धूप कमी होते. पृथ्वीच्या एकूण भूपृष्ठापैकी सुमारे १२ टक्के भाग अशा कवचाने व्यापलेला असल्याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हवामानबदल आणि जमीनवापरातील बदलांमुळे पुढील ६५ वर्षांत त्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग नष्ट होण्याची शक्यताही त्याच अभ्यासात वर्तविण्यात आली होती.

व्हाइटफील्ड हे वाळवंट नव्हे. तरीही येथील उन्हाळा कोरडा असतो, जमीन तांबडी व वालुकामय पोयट्याची आहे, आणि पूर्वेस कोलारकडे व पुढे रायलसीमेकडे पाऊस कमी होत जातो. महाराष्ट्रातील भारी काळी जमीन भेगाळते व स्वतःला उलथवत राहते, म्हणून तिच्यावर असे कवच फारसे टिकत नाही. तांबड्या जमिनीचे तसे नसते. बांध, गायरान आणि पडीक तुकडे येथे ते धरून राहू शकते.

या ठिकाणी एक गल्लत टाळणे आवश्यक आहे. पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने तांबड्या जमिनीवर जो कडक पापुद्रा बसतो व नाचणीची उगवण अडवतो, तो निर्जीव असतो. तो कुळवून फोडणेच योग्य. सजीव कवच ओळखण्यासाठी त्याचा नखाएवढा तुकडा अलगद उचलावा. कडेला मातीचे कण लोंबकळवणारे बारीक धागे भिंगातून दिसतात. तुकडा पाण्यात ठेवल्यास तो बराच काळ एकसंध राहतो आणि काळपट रंगाला हिरवी छटा येते. निर्जीव पापुद्रा मात्र विरघळून त्याचा चिखल होतो.

भारतीय शेतकऱ्याला या शैवालाचा परिचय भातखाचरातून झाला. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भातशेतीतील नत्र स्थिरीकरणात नील-हरित शैवालाचा वाटा दाखवून दिला, आर. एन. सिंह यांनी १९५० मध्ये उत्तर भारतातील ऊसर जमिनी त्याच्या साहाय्याने सुधारण्याचा मार्ग मांडला. परंतु हवेतील नत्र बांधणे हे शैवालाच्या दृष्टीने खर्चिक काम आहे. अमोनिया किंवा नायट्रेट आयते मिळू लागले की ते हे काम थांबवते. शहराचा प्रभाव नेमका येथेच सुरू होतो.

वाहनांचा धूर, सांडपाणी आणि कचरा यांतून बाहेर पडणारी नत्रयुक्त संयुगे आसपासच्या जमिनीवर सतत उतरत असतात. अमेरिकेतील फिनिक्स शहराभोवतीच्या वाळवंटात १९९७ पासून एक दीर्घकालीन परिसंस्था अभ्यास चालू आहे. शहरातील व शहराबाहेरील वाळवंटी भूखंडांना नत्र देऊन पाहिले असता, ओल्या हिवाळ्यात हंगामी तणांची वाढ लक्षणीय झाली. बारमाही झुडपांनी मात्र तसा प्रतिसाद दिला नाही. दाट तणांखाली प्रकाश अडतो आणि कवचाला ते घातक ठरते. उष्णतेचाही विचार करावा लागतो. २०१३ मधील एका अभ्यासानुसार कवचातील मायक्रोकोलियसची एक जाती थंड वाळवंटांत, तर दुसरी उष्ण वाळवंटांत प्रबळ असते. तेव्हा शहरामुळे तापमान वाढत गेले, तर कवचाची घडणही बदलू शकते.

व्हाइटफील्डलगतच्या वर्तूर तलावावर आलेला फेस २०१५ मध्ये रस्त्यापर्यंत पोहोचला, तेव्हा सांडपाण्याचा प्रश्न सर्वांना दिसला. २०१८ पासून कोरमंगला-चळ्ळघट्टा खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. भूजल पुनर्भरण हा त्याचा हेतू आहे, आणि कोलारसारख्या तहानलेल्या जिल्ह्यात तो हेतू क्षुल्लक मानता येणार नाही. मात्र अशा पाण्यासोबत नत्र येत असेल, तर त्याचा हिशेब शेतात मांडलाच पाहिजे. विहिरीच्या पाण्यात प्रतिलिटर १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र असेल, तर ५ सेंटिमीटरच्या एका पाळीतून हेक्टरी ५ किलो नत्र मिळते. सहा पाळ्यांत ३० किलो. पाण्याची तपासणी करून तेवढी मात्रा युरियातून वजा न केल्यास खर्च वाढतोच, शिवाय बांधावरच्या कवचाचे नत्र बांधण्याचे काम बंद पडते व तेथे तण माजते.

दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या शेतात कवच जपण्याचा आग्रह व्यवहार्य नाही. शहराच्या कडेला विक्रीच्या प्रतीक्षेत पडून असलेल्या भूखंडांची गोष्ट निराळी आहे. त्यांवरून मालमोटारी व खोदकामाची यंत्रे कोठूनही फिरतात. कोरडे कवच चाकाखाली चुरडते, सुटलेली माती उडून शेजारच्या धड कवचावर बसते आणि त्याचा प्रकाश रोखते. शैवाल काही वर्षांत परतू शकते. दगडफूल व शेवाळ यांना दशके लागतात. वाहनांसाठी एकच वाट आखून उरलेला तुकडा मोकळा सोडणे, बांध विनाकारण न खरवडणे आणि बांधावर तणनाशक न मारणे, एवढे पथ्य पाळणे अल्प खर्चात शक्य आहे. बांधकामाची राड व सिमेंटची धूळ अशा जमिनीवर पसरू देऊ नये. सिमेंटमुळे पृष्ठभागाचा सामू वाढतो आणि तो थर पावसात घट्ट बसतो.