ट्रॅक्टरचे इंजिन मिसिंग करते तेव्हा

ऐन गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर वाटेत बंद पडला, की तोडलेला ऊस वाळतो. वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तत्पूर्वी इंजिन सूचना देतेच. ओढ कमी होते, आवाजाची लय तुटते. एका सिलिंडरात डिझेल नीट पेटत नाही, यालाच मिसिंग म्हणतात. लगेच इंजिन खोलू नका.

१) आधी हवा पाहा. टाकी तळाला गेली किंवा पाइपाचा जोड ढिला झाला, की डिझेलमध्ये हवा धरते. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. फिल्टरच्या तळाचे पाणीही काढा.

२) तरी मिसिंग राहिले, तर दोषी सिलिंडर शोधा. ट्रॉली सोडा, गिअर न्यूट्रल, ब्रेक लावलेला. इंजिन स्लो ठेवून एका नोझलच्या पाइपाचा नट पान्याने किंचित ढिला करा. आवाज पडला, तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक नाही, तर दोष तिथेच. नट आवळूनच पुढच्याला हात घाला.

३) त्या सिलिंडरचा नोझल पंपवाल्याकडे तपासा. तो बरा निघाला, तर मिस्त्रीकडून टायपेट व कॉम्प्रेशन पाहून घ्या.

सावधान! दाबाचे डिझेल कातडीत घुसते. हात, तोंड लांब ठेवा. लागलेच तर जखम बारीक दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा. नव्या कॉमन रेल इंजिनाचा पाइप मात्र चालू असताना कधीही सोडू नये. ते काम वर्कशॉपचेच.