गिधाडांच्या मागोमाग

इंजिन नसलेले ग्लायडर तासन्‌तास हवेत राहते, ते उन्हाच्या बळावर. जमीन सर्वत्र सारखी तापत नाही. खडकाळ माळ लवकर तापतो, तळे वा दाट झाडी उशिरा. तापलेल्या जागेवरील हवा हलकी होऊन वर चढू लागते. त्या ऊर्ध्वप्रवाहात घिरट्या घालीत वैमानिक उंची मिळवितो. प्रवाह मात्र दिसत नाही. दिसतात ते त्यात पंख न हलविता वर चढणारे पक्षी. आपल्याकडे घारी, आफ्रिकेत गिधाडे.

कॉलिन पेनीक्विक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1970च्या सुमारास टांझानियातील सेरेंगेटीच्या माळरानावर हाच मार्ग अभ्यासासाठी धरला. छोटे इंजिन बसविलेल्या ग्लायडरने वर जायचे, इंजिन बंद करायचे आणि गिधाडांच्या सोबतीने तरंगत त्यांच्या गतीची मोजमापे घ्यायची! पांढऱ्या पाठीचे गिधाड स्थिर हवेत एक किलोमीटर खाली येईतो सुमारे पंधरा किलोमीटर अंतर कापते, असे त्यांना आढळले. आजची उत्तम ग्लायडरे पन्नासाच्या पुढे जातात. म्हणजे सरळ वाटेवर पक्षी मागे पडतो. परंतु गिधाड संथ उडते व अगदी लहान वर्तुळात वळू शकते. जमिनीजवळच्या ज्या अरुंद प्रवाहात ग्लायडर टिकत नाही, तेथूनही ते वर चढते. घिरट्यांच्या कलेत यंत्र अजून शिष्यच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या सोबतीचे काही नियम आहेत. प्रवाहात आधीपासून असलेला ज्या दिशेने फिरत असेल, त्याच दिशेने नंतर येणाऱ्याने फिरावे, हा ग्लायडर-वैमानिकांचा आपसातील दंडक. जाणते वैमानिक तो पक्ष्यांच्या बाबतीतही पाळतात. दचकलेला पक्षी बहुधा पंख मिटून खाली झेपावतो, म्हणून त्याच्या थेट खालून जाणे टाळावे. पाच-सहा किलोंचे गिधाड काचेवर आदळणे उभयतांच्या जिवावर बेतू शकते.

गिधाडेही एकमेकांवर नजर ठेवून असतात. एक खाली उतरू लागले की दूरवरची इतर त्या रोखाने निघतात. आकाशातील ही खूण वनरक्षकांनाही कळते. मारलेल्या हत्तीचा पत्ता तिच्यामुळे लागतो. म्हणूनच काही चोरटे शिकारी हत्तीच्या कलेवरात विष घालतात. 2019 साली बोत्स्वानात विषारी कलेवरे खाऊन 537 गिधाडे मेली. त्यांतील बहुतेक पांढऱ्या पाठीची, म्हणजे पेनीक्विक यांनी ज्यांच्या मागोमाग उड्डाण केले त्याच जातीची होती. ही जात आज अतिसंकटग्रस्त गणली जाते.